पार्किंगमधल्या पिल्लाचं खेळणं : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-३०२ ताई : पोट्ट्यांनी पार्किंगमधल्या पिल्लासाठी पीस दोऱ्याला बांधून खेळणं केलं. पिल्लू मस्त उड्या मारून राहिलं होतं, पण तो दोरा म्हणजे संक्रांतीचा उरलेला मांजा! मी काढून घेतला. पोट्टे हिरमुसले आहेत. घरच्या घरी दुसरं काही करता येईल का?

सी-१०४ भाऊ : नायलॉन नव्हता जी ताई, साधा सुती होता. त्यानं काय होते?

ए-२०१ काकू : भाऊ, नायलॉन मांजावर हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी आहे, तो घरात नसावाच. पण मांजरीला सुती दोराही तेवढाच वाईट. तिच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, तो आतच सरकतो. एक टोक जिभेखाली अडकलं आणि दुसरं आतड्यात गेलं, की नाडी ओढल्यावर सलवारीला चुण्या पडतात तसं आतडं गोळा होतं आणि दोऱ्यानं चिरतं. शिवणाचा धागा, लोकर, रबरबँड, चकचकीत झिरमिळ्या, सगळं तसंच. आणि दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तर कोणीही ओढू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे.

सी-१०४ भाऊ : बापरे. हे माहीतच नव्हतं. पोट्ट्यांना आजच सांगतो.

बी-३०२ ताई : मग करायचं काय काकू?

ए-२०१ काकू : जुना सुती मोजा घ्या. पंज्याकडचा भाग कापा, आत बनियनच्या चिंध्या ठासून भरा, तोंड दुमडून बारीक टाक्यांनी दोनदा शिवा. उंदराएवढा झाला की पुरे. मणी, बटणं, घुंगरू लावू नका, तेच आधी चावून निघतात. डोळे-मिशा नसल्या तरी तिचं काही अडत नाही, तिला हालचाल लागते. दोरीऐवजी दोन बोटं रुंद कापडी पट्टी शिवा आणि ती लांब काठीला घट्ट बांधा.

पण खरी गंमत हलवण्यात आहे. पोट्टे खेळणं पिल्लाच्या तोंडासमोर नाचवतात, ते नका करू. उंदीर कधी मांजरीच्या अंगावर चालून येतो का? तिच्यापासून लांब सरकवा, स्कूटरच्या चाकामागे लपवा, थांबा, मग शेपटीएवढं टोक किंचित हलवा. ती दबा धरून मागचे पाय हलवायला लागली की समजा जमलं. शेवटी पकडूही द्या.

ए-४०३ : लेझर लाइट आहे माझ्याकडे, चालेल?

ए-२०१ काकू : नको रे बाळा. त्यात हाती काहीच लागत नाही, मांजर चिडचिडी होते. डोळ्यांनाही चांगला नाही.

सी-३०१ वहिनी : संत्र्याची रिकामी पेटी आहे, लपायला देऊ?

ए-२०१ काकू : संत्र्याच्या सालीचा वास मांजरांना सहन होत नाही आणि त्यातलं तेल त्यांना बाधतं. बुटाचा खोका द्या. बाजूंना पंजा जाईल एवढी भोकं पाडा आणि आत पिंगपाँगचा बॉल टाका.

बी-३०२ ताई : ते कॅटनिप, म्हणजे मांजरींना नशा चढवणारी वनस्पती, ऑनलाइन मिळतं, मागवू का?

ए-२०१ काकू : इतक्या लहान पिल्लाला त्याचं काही होत नाही, आणि मोठ्या मांजरींतही साधारण तिघींपैकी दोघींनाच त्याची नशा चढते. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीकडेला उगवते ना खोकली, तिच्या मुळाभोवतीही मांजरी अशाच लोळतात. पण ते खाऊ घालायच्या भानगडीत पडू नका.

सेक्रेटरी काका : टेरेसवर आणि झाडांत अजून मांजा लटकून आहे. रविवारी सकाळी सगळे मिळून काढू. हातमोजे आणा. तुकडे करून पिशवीत बांधूनच कचरागाडीत टाकायचे.

सी-१०४ भाऊ : मी येतो जी. पोट्टे मोजे गोळा करून राहिले, काकू. संध्याकाळी तुमच्याकडे शिवायला पाठवू का?

ए-२०१ काकू : पाठवा. मोजे धुतलेले आणा म्हणावं. आणि खेळून झालं की काठी कोणाच्या तरी घरी ठेवायची, पार्किंगमध्ये सोडायची नाही.