मदत हवी आहे: जॉन हॉलीला मराठीत काय म्हणू?

इंग्लंडमधल्या डार्टमथ बंदराच्या जॉन हॉलीवर (मृत्यू 1408) लेख लिहितेय. 14 वेळा महापौर, 4 वेळा पार्लमेंटमध्ये गावाचा प्रतिनिधी, बडा व्यापारी. शिवाय राजाच्या परवान्यानं शत्रूची जहाजं पकडायचा. मित्रदेशांचीही पकडली, म्हणून तक्रारी झाल्या. त्याच नावाचा मुलगाही खासदार होता, पण लेख फक्त वडिलांवर आहे.

अडलंय ते परवान्यावाल्या धंद्याच्या नावापाशी. ‘चाचा’ लिहिलं तर परवानाच पुसला जातो, आणि माणूस कळायला तोच तर महत्त्वाचा! ‘परवानाधारक लुटारू’ फारच सरकारी वाटतं. शब्दकोश पाहून झाले. वाचक शाळकरी आहेत, तळटीप देता येणार नाही.

आरमारी इतिहासाच्या मराठी लेखनात यासाठी रुळलेला, सुटसुटीत शब्द आहे का?