वेल्विया फिल्मचा क्लट (फोटोचे रंग बदलणारा तक्ता) लावला की फोटोतल्या झेंडूचा लगदा होतोय, टेस्ट कशी करायची?

झेंडूबार: रॉथेरपी या रॉ फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमधे फिल्म सिम्युलेशनचे (फिल्मच्या रंगांची नक्कल करणारे) हॅल्ड क्लट, म्हणजे चित्राच्या फाइलमधले रंगतक्ते, टाकलेत, पोर्ट्रा, वेल्विया अशा सगळ्या फिल्मचे आहेत. दसऱ्याच्या फोटोंवर वेल्विया लावलं तर तोरणाचा नुसता केशरी लगदा, पाकळ्याच दिसत नाहीत आणि घरच्यांचे चेहरे उन्हात भाजल्यासारखे लाल. हे खरंच वेल्विया आहे की ज्याने क्लट बनवला त्याची करामत? २४ चौकोनांचा कलर चार्ट आहे माझ्याकडे.

जुना_रोल: चेहरे लाल ना, मग ते वेल्वियाच 😄 १९९० ला आलं तेव्हा निसर्गवाल्यांनी डोक्यावर घेतलं पण लग्नाला कोणी शहाणा ते लावायचा नाही. झेंडूचं मात्र वेगळं असेल, आधी क्लट बंद करून रॉचा (कॅमेऱ्याच्या मूळ फाइलचा) हिस्टोग्राम लाल, हिरवा, निळा असा चॅनलवार बघ, झेंडूत लाल चॅनल फार लवकर क्लिप होतो, म्हणजे कमाल मर्यादेला टेकून बारकावे जातात, तो आधीच गेला असेल तर क्लट बिचारा काय करणार.

करडा_कार्ड: +१. आणि चार्टचा एकच रॉ घे, व्हाइट बॅलन्स करड्या चौकोनावर लॉक कर, एक्सपोजरला हात लावू नकोस, फक्त क्लट बदलत जा. सगळे आधी लाल-निळा बघतात, मी खालची करड्या रंगांची ओळ बघतो, गडद चौकोनात हिरवी किंवा निळी झाक आली तर तिथेच कळतं. मग त्वचेचे दोन चौकोन. केशरी चौकोन चार्टवर आहे पण झेंडू त्याच्यापेक्षा बराच भडक, त्यामुळे चार्ट पास झाला तरी तोरण नापास होऊ शकतं, त्यासाठी गडद ते भडक केशरीचा ग्रेडियंट बनवून त्यावर क्लट चालव, पट्टे पडले तर दोष क्लटचा.

झेंडूबार: लाल चॅनल खरंच भिंतीला टेकलाय. चार्टवर पोर्ट्रा पण बघतो मग, पण ते बरोबर आहे हे कशाशी ताडून बघायचं?

जुना_रोल: तिथेच गोची आहे. वेल्विया स्लाइड फिल्म, म्हणजे थेट खऱ्या रंगात दिसणारी, लाइट टेबलवर ठेवली की रंग समोर. पोर्ट्रा निगेटिव्ह, म्हणजे उलट्या रंगांची, तिचा रंग स्कॅनर आणि लॅबवाला ठरवतो, एकच रोल दोन ठिकाणी स्कॅन केला तर दोन पोर्ट्रा मिळतात, तू नक्की कुठल्या लॅबचा क्लट तपासतोयस? शिवाय फिल्मचे थर सेन्सरसारखं बघत नाहीत, क्लटला पिक्सेलचे तीन आकडे मिळतात तेवढ्यातच खेळायचं. चेहऱ्यांसाठी वेल्विया हवंच असेल तर स्ट्रेंथ अर्ध्यावर आण, आणि तोरण पुढच्या वेळी अंडर, म्हणजे कमी एक्सपोजरवर काढ.