तत्त्वज्ञानाच्या पदवीसाठी विद्यापीठ बदलताना क्रमवारी पाहावी की विभाग?

अनुल्लेख :

दुसरे वर्ष संपवून तत्त्वज्ञानाच्या पदवीसाठी दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या एका विद्यार्थिनीने परवा या मंचावर सल्ला मागितला होता. त्यावर 'काटेकोर' यांनी दिलेले उत्तर असे : "क्रमवारीतील पहिली वीस विद्यापीठे घ्यावीत, वरून खाली अर्ज करावेत आणि जे पहिले होकार देईल तेथे डोळे मिटून जावे. विभागातील वातावरण, शिक्षकांची आपुलकी वगैरे गोष्टी प्रवेश न मिळालेल्यांच्या समाधानासाठी असतात." यातील शेवटचे वाक्य नसते तर मी बहुधा गप्प बसलो असतो.

क्रमवारी कशाची आहे, हे तरी आधी पाहावे. आपल्या विषयात ज्या यादीचा उठताबसता हवाला दिला जातो ती अमेरिकी तत्त्वज्ञ ब्रायन लायटर यांनी १९८९मध्ये सुरू केली. तिच्या पाहणीत विद्यापीठाचे नाव झाकून केवळ तेथील अध्यापकांची नावे समोर ठेवली जातात आणि प्राध्यापकांनी त्या नावांना शून्य ते पाच यांदरम्यान गुण द्यायचे असतात. पीएच.डी. करू पाहणाऱ्यांसाठी ही माहिती उपयोगाची आहे, हे मान्य. परंतु तिसऱ्या वर्षाच्या वर्गात किती मुले बसतात, कांटवरचा निबंध स्वतः प्राध्यापक वाचतात की कोणी संशोधक विद्यार्थी रात्री उशिरा तपासून टाकतो, यांबद्दल त्या गुणांतून अवाक्षरही कळत नाही.

'वरून खाली अर्ज' या सूचनेचेही काय होते ते पाहा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज मधल्या वर्षात बाहेरचे विद्यार्थी घेत नाहीत. तेथे जायचे तर पहिल्या वर्षापासूनच आरंभ करावा लागतो. ऑक्सफर्डमध्ये तर नुसत्या तत्त्वज्ञानाची पदवीच नाही. गणित, भौतिकशास्त्र, राज्यशास्त्र-अर्थशास्त्र अशा कशाच्या तरी जोडीनेच ते घ्यावे लागते. प्रिन्स्टनने १९९० नंतर बंद ठेवलेले दार २०१८मध्ये पुन्हा उघडले, तेही मोजक्यांसाठी. म्हणजे वरून खाली येता येता बरीच दारे मुळात आपल्यासाठी नव्हतीच, असे ध्यानात येते.

दारातून आत गेल्यावर क्रेडिटचा, म्हणजे आधी केलेल्या अभ्यासाच्या श्रेयांकांचा, प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात आणि त्यांतील निम्मी किंवा शेवटच्या दोन वर्षांची आमच्याकडेच मिळवा, अशी अट अनेक विद्यापीठे घालतात. युरोपात तीन वर्षांची १८० आणि वर्षाला ६० असा हिशेब असला, तरी जुन्या अभ्यासक्रमाला नव्या विभागाने समकक्ष मानले नाही तर तो हिशेब कागदावरच राहतो. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी क्रेडिटचा निर्णय लेखी मागावा. माहितीपुस्तिकेतील शोभेची यादी बाजूला ठेवून पुढील दोन सत्रांचे प्रत्यक्ष वेळापत्रक पाहावे. आणि ज्यांच्या नावामुळे जायचे ते गृहस्थ त्या काळात रजेवर तर नाहीत ना, हे विचारून घ्यावे.

शेवटी एवढेच : १९१३मध्ये जर्मनीतील येनाला आधुनिक तर्कशास्त्राचे प्रवर्तक फ्रेगे यांच्या वर्गात तीनच विद्यार्थी होते, पुढे नामवंत तत्त्वज्ञ झालेले कार्नाप, त्यांचा एक मित्र आणि हौसेखातर येणारा एक निवृत्त मेजर. त्या वर्गाला कोणत्या क्रमवारीने स्थान दिले असते?

काटेकोर :

माझे वाक्य उद्धृत केल्याबद्दल आभार. आता त्याचे समर्थनही ऐकावे. फ्रेगे यांच्या वर्गातला कार्नाप सर्वांना आठवतो, पण त्या मित्राचे आणि त्या मेजरसाहेबांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. लहान, प्रेमळ, अनुल्लेखित विभागांत बसलेले बहुसंख्य विद्यार्थी मेजरसाहेबांच्याच रांगेतले असतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी पदवी अशाच एका विभागातली आहे. आमचे सर प्रत्येक निबंधावर निबंधापेक्षा लांब शेरे लिहीत आणि ह्यूमच्या एका परिच्छेदावर तासन् तास बोलत. माझ्यासाठी त्यांनी शिफारसपत्रही अतिशय मनापासून लिहिले. पुढे पीएच.डी.च्या अर्जांच्या वेळी ते पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणालाही सरांचे नाव ठाऊक नव्हते आणि मला एकाही ठिकाणी प्रवेश मिळाला नाही. माझ्याहून कमी वाचलेला माझा एक स्नेही नामांकित विभागातून आला होता. त्याच्या पत्राखालची सही सर्वांच्या ओळखीची होती. तत्त्वज्ञानात जागा थोड्या आणि उमेदवार फार, ही परिस्थिती असताना ओळखीच्या सहीची किंमत शून्य ते पाच गुणांत मोजता येत नाही, हे खरेच. ती त्याहून पुष्कळ अधिक असते.

पुढे मोठा तत्त्वज्ञ ठरलेला विट्गेनश्टाइन मँचेस्टरमध्ये विमानविद्येचे संशोधन सोडून १९११मध्ये केंब्रिजला गेला, तोही फ्रेगे यांच्याच सल्ल्याने. आपले फ्रेगे स्वतःच विद्यार्थ्याला मोठ्या ठिकाणी पाठवत होते, हे आपल्या सोयीने गाळू नये.

अनुल्लेख :

फ्रेगे यांनी त्याला तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलकडे पाठवले, म्हणजे एका माणसाकडे पाठवले. क्रमवारी पाहून पाठवल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. शिवाय विट्गेनश्टाइनला क्रेडिट समकक्ष करून घ्यायची नव्हती.

काटेकोर :

तो माणूस केंब्रिजमध्ये होता, हा केवळ योगायोग समजायचा काय?

नैयायिका :

दोघांच्याही युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की 'तत्त्वज्ञानाचा विभाग' म्हटल्यावर तेथे तत्त्वज्ञान शिकवतात. प्रत्यक्षात नामांकित म्हणवणाऱ्या बहुतेक विभागांत ग्रीक आले, जर्मन आले, इंग्रज आले, की तत्त्वज्ञान संपते. उरलेल्या जगाची सोय शेजारच्या धर्माभ्यासाच्या इमारतीत.

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षी न्यायदर्शन आणि बौद्ध प्रमाणशास्त्र (ज्ञानाच्या साधनांचा विचार) यांचा पूर्ण सत्राचा अभ्यासक्रम केला होता. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नागाच्या हेतुचक्रातील, म्हणजे अनुमानातील खरे-खोटे हेतू वेगळे करणाऱ्या तक्त्यातील, नऊही कोष्ठके आमच्याकडून घासून घेतली होती. विद्यापीठ बदलल्यावर नव्या विभागाच्या समितीने तो अभ्यासक्रम 'धर्माभ्यास, ऐच्छिक' या रकान्यात टाकला. क्रेडिट मिळाली, पण पदवीच्या मुख्य विषयात त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही, आणि मला आणखी एक सत्र काढावे लागले. हेत्वाभासांचा (अनुमानातील दोषांचा) आणि उपासनेचा संबंध काय, असे मी त्या समितीला लेखी विचारले होते; त्याचे उत्तर आले नाही.

हे एका समितीचे अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. ऑक्सफर्डमध्ये राधाकृष्णन ज्या आसनावर १९३६मध्ये बसले आणि पुढे भारतीय तर्कशास्त्राचे अभ्यासक बिमल कृष्ण मतिलाल १९७६मध्ये ज्यावर आले, ते आसनच 'पौर्वात्य धर्म आणि नीतिशास्त्र' यांचे आहे. नव्यन्यायावर (न्यायदर्शनाच्या उत्तरकालीन शाखेवर) इतके काटेकोर लिहिणाऱ्या मतिलालांनी हार्वर्डमध्ये प्रबंध केला तोही संस्कृताच्या अभ्यासकाच्या, इंगॉल्स यांच्या मार्गदर्शनाखाली. २०१६मध्ये गारफील्ड आणि व्हॅन नॉर्डन या तत्त्वज्ञानाच्या दोन प्राध्यापकांनी वृत्तपत्रातून सुचवले की असे विभाग बदलणार नसतील तर त्यांनी आपल्या पाटीवर 'युरोपीय व अमेरिकी तत्त्वज्ञान' असे प्रामाणिकपणे लिहावे. तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. त्या विद्यार्थिनीला भारतीय तत्त्वज्ञान हवे असेल, तर तुमच्या पहिल्या वीस नावांपेक्षा हवाई विद्यापीठाचा मानोआ येथील विभाग तिला अधिक देईल. पौर्वात्य आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञांच्या परिषदा तेथे १९३९पासून होत आल्या आहेत.

सिद्धता :

नैयायिकाताई, आपल्याबद्दल आदर ठेवून म्हणतो, आपली समिती अगदीच चुकली असे मला वाटत नाही. न्यायातील अनुमानाला पाच अवयव लागतात आणि त्यांत 'धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात' हे उदाहरणही लागते. आकारिक तर्कशास्त्रात उदाहरणाला स्थान नसते. जो विद्यार्थी हेतुचक्र पाठ करून आला आहे त्याला पूर्णता-प्रमेयाची (जे वैध ते सिद्धही करता येते, या प्रमेयाची) सिद्धता मांडता येत नाही, आणि पुढच्या अभ्यासक्रमांना तीच लागते. मी तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवण्याचे काम केले आहे. दर सत्रात बाहेरून आलेले दोघे-तिघे 'आमचे तर्कशास्त्र झालेले आहे' असे सांगत आणि संख्यापकांचा ('सर्व', 'काही' अशा शब्दांचा) क्रम बदलला की वाक्याचा अर्थ बदलतो, एवढेही त्यांना कळत नसे. त्यामुळे विद्यापीठ निवडताना तर्कशास्त्र सक्तीचे आहे की नाही, हे आधी पाहावे. जेथे नाही, तेथे जाऊ नये.

नैयायिका :

आदर ठेवून केलेला अपमानही अपमानच असतो. हेतुचक्र आकारिक तर्कशास्त्राच्या जागी धरा, असे मी कोठेही म्हटलेले नाही. माझा मजकूर पुन्हा वाचावा. अनुमान हे प्रमाण आहे, म्हणजे ज्ञान कसे होते याचा विचार आहे. त्याची जागा ज्ञानमीमांसेत आहे. तुमच्या विभागात गेटियर-प्रश्नावर अख्खे सत्र घालवता येते, आणि तोच प्रश्न, म्हणजे योगायोगाने खऱ्या ठरलेल्या समजुतीला ज्ञान म्हणावे काय, याची चर्चा नव्यन्यायातील गंगेशाच्या परंपरेत झालेली असली तर ती मात्र धर्म ठरते? १९८३मध्ये दया कृष्ण, मे. पुं. रेगे प्रभृती तत्त्वज्ञांनी पुण्यात पंडितांना बोलावले आणि रसेलच्या विधानविषयक मतावर संस्कृतातून वाद घडवला. पंडितांनी तो प्रश्न समजून घेतला आणि त्यावर नैयायिकांच्या भूमिकेतून उत्तरे दिली. उलट दिशेने तेवढेच कष्ट घेणारे किती विभाग तुम्ही दाखवू शकता?

सिद्धता :

ज्ञानमीमांसेत धरायला माझी हरकत नाही. तर्कशास्त्रात नाही, एवढेच म्हणणे होते.

नैयायिका :

हे वाक्य पहिल्याच प्रतिसादात लिहिले असते तर पाच अवयवांची उजळणी टळली असती.

अर्धविराम :

धाग्याचा मूळ प्रश्न एका विद्यार्थिनीचा होता आणि ती बिचारी अजून हे सगळे वाचत असेल, असे समजून लिहितो. क्रमवारी आणि परंपरा या दोन्हींपूर्वी पैशाचा विचार करावा. अनेक शिष्यवृत्त्या केवळ पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात आणि मधून येणाऱ्याला हे बहुतेक वेळा प्रवेशपत्र हाती पडल्यावर समजते. माझ्या बाबतीत विभाग उत्तम होता, शिक्षक ओळखीचे झाले होते, क्रेडिटही बव्हंशी मान्य झाली. परंतु एक वर्ष वाढले आणि त्या वाढीव वर्षाला कोणतीही मदत लागू नव्हती. ते कर्ज मी अजून फेडतो आहे. काटेकोर यांच्या 'डोळे मिटून' या शब्दांवर माझा आक्षेप आहे तो एवढ्यासाठीच.

दुसरे असे की शेवटच्या वर्षी प्रबंधिका (छोटा प्रबंध) लिहिता येते का, हे जरूर विचारावे. शिफारसपत्राला वजन येते ते बहुधा तिच्यामुळे. आणि मधून आलेल्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक शोधायला जेमतेम एक सत्र मिळते, तोवर चांगले मार्गदर्शक इतरांनी धरून ठेवलेले असतात.

काटेकोर :

'डोळे मिटून' हे शब्द मागे घेतो. एक डोळा उघडा ठेवावा, आणि तो शुल्काच्या तक्त्यावर ठेवावा. प्रबंधिकेचा मुद्दाही मान्य, कारण तो माझ्याच बाजूचा आहे : सही ओळखीची हवी, आणि ती करणाऱ्याने विद्यार्थिनीचे काहीतरी वाचलेलेही हवे. अनुल्लेख यांना यात आपला विजय दिसत असेल तर त्यांनी तो खुशाल साजरा करावा. पण ज्या विभागात अशी सही करणारा कोणीच नाही, तेथे निबंधांवर कितीही लांब शेरे मिळाले तरी पुढचे दार उघडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो आणि त्यावरून हलणार नाही.

अनुल्लेख :

विजय वगैरे काही नाही. आपण पहिल्या विसांवरून 'सही करणाऱ्याने वाचलेले हवे' येथवर आलात, हा प्रवास मोठा आहे. त्या विद्यार्थिनीने कोणत्या विषयात पुढे जायचे आहे, हे मात्र आपल्यापैकी एकानेही तिला विचारलेले नाही.

मूळ प्रश्नकर्ती :

विज्ञानाचे तत्त्वज्ञान. पिट्सबर्गमध्ये त्याचा इतिहासासह स्वतंत्र विभाग आहे, हे मला ठाऊक आहे. तेथे आणि आणखी दोन ठिकाणी क्रेडिटबाबत आजच लेखी विचारणा केली. नैयायिकाताई, आपल्या त्या अभ्यासक्रमाचा आराखडा मिळू शकेल काय? मीही तसाच एक केला आहे आणि तो कोणत्या रकान्यात पडेल याची आता धास्ती वाटू लागली आहे.

सिद्धता :

पिट्सबर्गला तर्कशास्त्राची तयारी करूनच जा.

नैयायिका :

आराखडा पाठवते. सोबत समितीला लिहिलेले ते पत्रही पाठवते. त्यातले फक्त नाव बदलायचे आहे.