साहसपटांनी निसर्ग वाचतो की तुडवला जातो?

कातळवेडा :
किर्लोस्कर वसुंधरा महोत्सवामुळे पर्यावरणपट कोल्हापूरला नवे नाहीत. अडचण अशी की नदीच्या प्रदूषणावरची फिल्म बघायला जे येतात, त्यांना ते प्रदूषण आधीच ठाऊक असतं. कयाकिंग (वल्ह्याच्या अरुंद होडीतून नदी उतरणं) किंवा प्रस्तरारोहणाची फिल्म लावा, एरवी या विषयाकडे न फिरकणारी पोरंही येऊन बसतात. म्हणून माझं मत ठाम आहे, जागृतीसाठी साहसपटाइतकं चांगलं साधन नाही.

अल्बानियातली व्योसा नदी घ्या. स्लोव्हेनियाचा रोक रोझमन हा जीवशास्त्रज्ञ आणि ऑलिंपिक खेळलेला रोइंगपटू. 2016 मध्ये तो धरणांना विरोध म्हणून बाल्कनमधल्या नद्यांवर कयाक घेऊन उतरला. 2018 मध्ये याच नद्यांवर ‘ब्लू हार्ट’ ही फिल्म आली. मार्च 2023 मध्ये व्योसा राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. मग आपल्या पंचगंगेवर, प्रयाग चिखली ते नृसिंहवाडी असं साधारण 80 किलोमीटर, कयाकवरून एक फिल्म का होऊ नये?

जांभा :
फिल्मनंतर उद्यान झालं म्हणून ते फिल्ममुळे झालं असं होत नाही. व्योसावरच्या पोचेम धरणाविरुद्ध गावकरी कोर्टात गेले आणि 2017 मध्ये जिंकले. तोवर ती फिल्म आलीही नव्हती.

आपल्याकडे साहसपटातून आधी पोचतो तो पत्ता. राऊतवाडी, बर्की या धबधब्यांवर पावसाळ्यात किती गर्दी होते ते सगळे बघतात. पण धबधब्याचा कातळ गर्दी सोसतो, मसाई पठार सोसत नाही. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, माती कुठे दोन बोटं, कुठे वीतभर. त्या निकस मातीत नत्र मिळत नाही म्हणून तर सीतेची आसवे ही इवली फुलझाडं किडे पकडून जगतात. ट्रेल रनिंगचा एक शॉट पाच वेळा घेतला आणि सोबत दहा माणसांचं युनिट असलं की ओल्या सड्यावर पायवाट पडते. त्याहून वाईट गाडीचं चाक. चाकोरीतून पाणी वाहून जातं, आजूबाजूची उथळ डबकी लवकर आटतात आणि बेडकांची पिल्लं शेपटी गळायच्या आत मरतात. ट्रायपॉड टेकवायला किंवा फ्रेम सुंदर दिसावी म्हणून सुटे दगड उचलून रचतात, त्याखाली पाली, विंचू, देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर) असतात. दगड जागेवर ठेवला तरी खालची ओल गेलेली असते. आणि हे सगळं ‘निसर्ग वाचवा’ म्हणणाऱ्या फिल्मसाठी!

बरगेवाला :
पंचगंगेचं बोलताय म्हणून लिहितो. कल्पना चांगली, पण नदी कधी कशी असते हे न बघता मांडलेली. या पात्रात राजाराम, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या मधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवतात, पुढच्या पावसाआधी काढतात. त्यामुळे कयाकवाल्याला तीन वेगवेगळ्या नद्या मिळतात.

जुलै-ऑगस्टमध्ये बंधारा पाण्याखाली. वरून नुसती एक गुळगुळीत रेघ दिसते, पण खालच्या अंगाला पाणी उलटं फिरून परत भिंतीकडे येतं. त्यात सापडलेली होडी आणि माणूस तिथेच घुसळत राहतात, लाइफ जॅकेट असूनही. पट्टीचा पोहणारासुद्धा त्यातून निघत नाही. तेव्हा प्रत्येक बंधाऱ्याच्या बरंच आधी काठाला लागायचं, कयाक खांद्यावर घ्यायचा आणि खालचं पाणी शांत झालंय तिथे पुन्हा उतरायचं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी. पाणी इशाऱ्याकडे सरकू लागलं की चित्रीकरण विसरा, त्या वेळी बचाव पथकांच्या बोटींना तुमची अडगळ नको.

पाऊस ओसरल्यावर, बरगे बसायच्या आधी, गाळ्यातून जाता येईल असं वाटतं. पण गाळ्यांत ओंडके आणि जलपर्णी अडकलेली असते. पाणी त्यातून निघून जातं, होडी आडवी होऊन अडकते.

बरगे बसले की नदीचं तळं होतं. धोका संपला आणि थरारही संपला.

आता मूळ मुद्दा. पुरात सगळं पातळ होऊन वाहून जातं, म्हणजे नदी थरारक असते तेव्हा घाण डोळ्यांना दिसत नाही. घाण दिसते ती जानेवारी ते मे, पाणी साचलेलं असताना. वरचे बरगे काढले की साचलेलं काळं पाणी एकदम खाली सुटतं आणि मासे मरतात, तेरवाडला हे अनेकदा झालंय. थरार आणि प्रदूषण एका फ्रेममध्ये येत नाही, राव. पुरात काढलेली फिल्म नदी निरोगी असल्याचं खोटं सांगेल.

कातळवेडा :
हा मुद्दा मानला. पण मग उन्हाळ्यात काढू. थरार नको, कयाक नमुने घ्यायला वापरू.

शिवाजीपेठकर :
मग ती साहसी फिल्म कसली, होडीतला सर्व्हे झाला की भावा! थरार नसला तर तुझी ती एरवी न फिरकणारी पोरं येतील व्हय?

आणि पैसा कुणाचा ते कुणीच बोलंना. शेवटी लोगो ज्याचा, जाकीटबी त्याचंच. पाणी झटकणाऱ्या जाकिटांवर वर्षानुवर्षं ज्या लेपात फ्लोरिनची रसायनं वापरली, ती पाण्यात उतरली की विरघळून संपत नाहीत. ‘ब्लू हार्ट’मागेबी कपड्यांची कंपनीच होती. ती कंपनी बरी म्हणतात, असंल. पण आपल्याकडं जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्यांचे रील्स बघा. पातळ प्लॅस्टिकचा रेनकोट अंगात, खाली मथळा ‘निसर्गाच्या कुशीत’, आणि तोच रेनकोट फाटून दुसऱ्या दिवशी करवंदीच्या जाळीत.

संकलक :
पैशाबद्दल सहमत, पण सगळ्यांना एका मापात मोजू नका. अमेरिकन स्नोबोर्डर जेरेमी जोन्सने 2007 मध्ये हवामानबदलासाठी ‘प्रोटेक्ट अवर विंटर्स’ ही संस्था काढली आणि पुढे फिल्मसाठी हेलिकॉप्टर सोडून स्वतः डोंगर चढून चित्रण केलं. काम करण्याची पद्धत बदलली हे पडद्यावर दिसतं, त्यामुळे शेवटी पाटी लावून उपदेश करावा लागत नाही.

होडीतला सर्व्हे कंटाळवाणाच होईल असं नाही. विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत कॅमेऱ्यासाठीच बनवल्यासारखी आहे. 300 मिलीची काचेची बाटली पाण्याखाली धरून बुडबुडा न राहता भरायची. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड प्रत्येकी 2 मिली, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून, सोडायचं. बूच लावून उलटीपालटी करायची. ऑक्सिजन असला तर तपकिरी साका खाली बसतो, नसला तर पांढराच राहतो. शहराच्या वरच्या प्रयाग चिखलीची बाटली आणि शहराचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याच्या खालची बाटली शेजारी ठेवा, निवेदकाची गरजच नाही. ही रसायनं हाताला लागू देऊ नका आणि बाटलीतलं नदीत ओतू नका, म्हणजे झालं.

नेमका आकडा हवा असेल तर तीच बाटली प्रयोगशाळेत टायट्रेशनला (थेंबाथेंबाने रसायन घालून मोजायला) द्यायची. अंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष ऑक्सिजन लिटरला किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी (घाण कुजवताना जिवाणू खातात तो ऑक्सिजन) कमाल 3. काठावरचा नमुना फसवतो, कारण नाल्याचं पाणी बराच वेळ एका काठानेच वाहतं. म्हणून मधल्या धारेतून, पृष्ठभागाखाली फूटभर, आणि पहाटे. रात्रभर शेवाळ ऑक्सिजन खातं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. दुपारी घेतलात तर हिरव्या पाण्यात आकडा उगाच चांगला येतो आणि फिल्मचा पहिलाच विरोधक तेवढं एक पकडून सगळी फिल्म खोडून काढतो.

बरगेवाला :
वा! कयाकचं खरं काम हेच. मधल्या धारेत जायला इंजिनची बोट नेली तर पंख्याने पाणी ढवळतं, नमुना बिघडतो. फक्त त्या पाण्यात कयाक उलटवायची कसरत कुणी दाखवू नका. अंगावर जखम असली तर तिथे हातसुद्धा घालू नये.

जांभा :
नदीचं ठीक आहे, तिथे बिघडायचं फारसं काही उरलेलं नाही. डोंगराचं काय? प्रस्तरारोहणाचा हंगाम हिवाळा, आणि कड्यावर गिधाडं, ससाणे घरटी करतात तोही हिवाळ्यातच. ड्रोन कड्याजवळ नेला की पक्षी अंड्यांवरून उठतो. शिवाय आग्या मोहोळ उठलं, तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

संकलक :
म्हणून कडा आधी खालून दुर्बिणीने दोन सकाळी बघायचा. दगडावर पांढरे ओघळ असतील तर वर पक्ष्यांची बैठक आहे समजायचं आणि ती वाट सोडायची. दोर झाडाला बांधायचाच असेल तर रुंद पट्टी, खाली जाड कापड, नाहीतर साल सोलवटते. राधानगरी अभयारण्यात वन्यजीव कायद्याच्या कलम 28 प्रमाणे परवाना लागतोच. 2022 च्या दुरुस्तीने त्यात चित्रीकरणाचा स्पष्ट उल्लेख आला, तोही अधिवासात बदल न करता या अटीवर. पन्हाळ्यावर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी. आणि जागेचं नाव फिल्ममध्ये द्यायलाच हवं असं कुठे आहे?

जांभा :
नाव नाही दिलं तरी मागचा डोंगर ओळखून दोन दिवसांत कुणीतरी खाली लिहितोच. माझा विरोध कायम. सड्यावर आणि कड्यावर नको. पंचगंगेवर काढा, तिथे गर्दी झालेली मला चालेल.

शिवाजीपेठकर :
बरं, मग फिल्म दाखवणार कुठं? शहरातल्या शाहू स्मारक सभागृहात पुन्हा तीच डोकी. नदीकाठच्या गावांत दाखवा, रुईत, तेरवाडात, जत्रेला पडदा लावून. आणि मागणी एकच ठेवा, ज्याचा नाला त्याचं नाव.

कातळवेडा :
नाव घ्यायचं तर नाल्याच्या तोंडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून हवेत, सीलबंद, वेळ आणि जागा लिहिलेले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली पहाट धरू. बरगेवाले, तेव्हा तेरवाडच्या वरच्या अंगाला कयाक उतरवायला घाट सापडेल का, की जलपर्णीच असेल?

बरगेवाला :
जलपर्णीच असेल. रुईकडून उतरा.