व्हिसा काढून फिरावं की बिनव्हिसाचे देश जोडावेत? अनुभव लिहा

दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन आग्नेय आशियात जायचं घाटतंय आणि घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात, थायलंड-मलेशियाला आपल्याला व्हिसा लागत नाही, तेवढंच करू. भावाला सिंगापूर आणि व्हिएतनाम हवंय. माझ्या मते व्हिसाची फी हा यातला सगळ्यात फुटकळ मुद्दा. कुठल्या देशात किती वेळा शिरणार हे आधी ठरवायला हवं. एजंटांचे सल्ले ऐकून कान किटलेत. एकाच फेरीत तीन-चार देश केलेल्यांनी लिहा, खंड कुठलाही चालेल.

रुळावरचे आजोबा
मी तुमच्या बाबांच्या बाजूचा. आम्ही दोघं निवृत्त, वेळच वेळ. बँकॉकहून रात्रीच्या गाडीने पडांग बेसारला उतरलो. त्या एकाच स्टेशनात थायलंडमधून बाहेर पडल्याची आणि मलेशियात शिरल्याची नोंद होते. तिथून लोकल गाडीने बटरवर्थ, मग फेरीबोटीने पेनांग. पेनांग हिला इतकं आवडलं की मुक्काम वाढवला, कुणाला विचारायला नको. बिनव्हिसाची खरी मजा ही. मलेशिया 30 दिवस देतं, थायलंडने जुलै 2024 मध्ये 30 चे 60 केले होते. जायच्या वेळी मात्र ताजा नियम पाहून घ्या.

कागद चुकत नाहीत पण. दोन्ही देशांची डिजिटल अरायव्हल कार्डं पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची असतात. ती फुकट आहेत. पैसे मागणारी साइट उघडली तर ती सरकारी नव्हे, बंद करा.

आणि मुंबईचा चेक-इन काउंटर! आमचं परतीचं विमान क्वालालंपूरहून. काउंटरवरची मुलगी विचारते, थायलंडमधून बाहेर कसे पडणार? रेल्वेचं तिकीट दाखवलं. ती साहेबांकडे गेली, साहेबांनी कुठेतरी फोन लावला, मागे रांग तुंबली, आमच्या सौ. माझ्याकडे अशा बघतायत की रेल्वेचा हट्ट माझाच. (होताच.) शेवटी सोडलं. तेव्हा प्रत्येक देशातून बाहेर पडायचं तिकीट छापून हातात ठेवा, मोबाइलवर विसंबू नका.

मेतकूट भात
व्हिएतनामबद्दल. हनोई, दा नांग, मग अंगकोर वाट बघायला कंबोडियातलं सिएम रीप आणि परतीचं विमान पुन्हा व्हिएतनाममधून, हो ची मिन्हहून, असा आमचा बेत. लेकीने नकाशावर बोट ठेवून विचारलं, "आई, व्हिएतनाममध्ये आपण दोनदा शिरतोय ना?" सिंगल एंट्रीचा, म्हणजे एकदाच शिरू देणारा ई-व्हिसा कंबोडियात पाऊल टाकलं की संपला. तेव्हा सिंगलचे 25 डॉलर, मल्टिपलचे 50. चौघांचा फरक मोजला आणि फी भरण्याऐवजी क्रमच फिरवला: आधी सगळं व्हिएतनाम, शेवटी सिएम रीप, तिथून बँकॉकमार्गे घर. वाचलेले पैसे सिएम रीपच्या बाजारात गेले, ते असो. ऑगस्ट 2023 पासून हा ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. दिवस उरले तरी एंट्री संपलेली असते. अर्जात कुठल्या नाक्यावरून शिरणार तेही लिहावं लागतं, त्यामुळे विमान की बस हे अर्जाआधी ठरवा.

धागाकर्ती
मेतकूटताई, हेच हवं होतं. भावाला वाचायला दिलंय.

जंगलवाट
पूर्व आफ्रिका. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून एक व्हिसा असतो: 100 डॉलर, 90 दिवस, तिन्ही देशांत ये-जा मोकळी. अर्ज ज्या देशाकडे केला तिथूनच पहिल्यांदा शिरायचं. केनियातलं मसाई मारा आणि युगांडातले गोरिला एकाच फेरीत बघणाऱ्याला सोन्यासारखा. पण टांझानिया त्यात नाही. मध्येच सेरेंगेटीला गेलात तर तिथला व्हिसा वेगळा आणि हा सामायिक व्हिसा बाद. आम्ही सेरेंगेटी सोडलं, हळहळ अजून आहे. शिवाय केनिया-युगांडाहून भारतात परतताना यलो फीवरच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. नसेल तर आपल्याच विमानतळावरून क्वारंटाइनमध्ये नेतात.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात एकाच घरात दोन पासपोर्ट ही नेहमीची गोष्ट. नवऱ्याचा पोर्तुगीज, माझा भारतीय. फ्रान्सला एकत्र गेलो तेव्हा युरोपीय नागरिकाची बायको म्हणून माझ्या शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) फी पडली नाही, पण अर्ज करावा लागलाच. पुढे लंडन: त्याचं काम ईटीएवर, म्हणजे व्हिसा न लागणाऱ्यांच्या ऑनलाइन परवानगीवर झालं, मला पुरता व्हिसा. आणि घरी यायचं म्हटलं की गंमत उलटते, भारतात शिरायला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) त्याला लागतं! आमच्याकडे प्रवासाचा मार्ग माझा पासपोर्ट ठरवतो.

पुणे ३०
लंडन निघालंच आहे तर: पॅरिस-लंडन-स्वित्झर्लंड या क्रमात शेंगेनमध्ये दोनदा शिरावं लागतं. व्हिसाच्या स्टिकरवर एंट्री 01, म्हणजे एकदाच, असेल तर लंडनहून परत युरोपात जाता येणार नाही. लंडन टोकाला टाका, किंवा मल्टिपल मागा आणि अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम जोडा.

शंकासूर
बिनव्हिसावर फार आधी तिकिटं काढू नका. सर्बियाने भारतीयांची सवलत 1 जानेवारी 2023 पासून काढली. इराणने फेब्रुवारी 2024 मध्ये दिलेली नोव्हेंबर 2025 मध्ये स्थगित केली. हातातला व्हिसा सहसा असा रातोरात जात नाही.

धागाकर्ती
सिंगापूरचं कुणी सांगेल? भावाकडे फ्रान्सने दिलेला शेंगेन व्हिसा आहे. 96 तास व्हिसाशिवाय राहता येतं म्हणतोय.

रुळावरचे आजोबा
ती सवलत तिसऱ्या देशात पुढे जाणाऱ्यांना आहे आणि तिच्या यादीत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, जर्मनी आणि स्वित्झर्लंडचे व्हिसे होते. फ्रान्सचा त्यात नव्हता. आईबाबांकडे तर यातलं काहीच नसणार. चौघांचे व्हिसे अधिकृत एजंटामार्फत काढा, फी 30 सिंगापूर डॉलर आणि वर एजंटाचे. सेवाशुल्क दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या, फार तफावत असते.