अफवा, कंडी, बोभाटा आणि एक छोटासा 'म्हणे'

कॅम्पवासी
आमच्या मंडळीत (चर्चमधल्या लोकांना आम्ही मंडळीच म्हणतो) नुकतंच जे घडलं त्याला नेमका शब्द हवा आहे. पाळकसाहेब (आमच्या चर्चचे धर्मगुरू) लागोपाठ दोन रविवार उपासनेला नव्हते. आई आजारी म्हणून गावी गेले होते. पहिल्या रविवारी फाटकाशी कुणीतरी म्हणालं, "बदली तर झाली नसेल ना?" महिला मंडळात त्याचं "बदली होणार वाटतं" झालं. घरसभेत (कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) "बदली झाली म्हणे". तिसऱ्या रविवारी ते वेदीपाशी उभे राहिले तेव्हा अर्ध्या बाकांवर एकच वाक्य होतं, "हिशेबात गडबड सापडली म्हणून बदली केली." पाळकबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या दिवशी उपासना संपताच कुणाशी न बोलता घरी गेल्या. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

याला अफवा म्हणायचं की कंडी?

पिंपरीकर
अफवा अरबीतून फारसीमार्गे आली. मूळ 'अफवाह' म्हणजे तोंडं, 'तोंड'चं अनेकवचन. एका तोंडाची अफवा होत नाही, हे शब्दातच आहे. म्हणून ती 'पसरते', तिला धनी नसतो. कंडी मात्र कुणीतरी 'पिकवतो'. वावडी म्हणजे मुळात पतंग, म्हणजे वावड्या उठवणाऱ्याच्या हातात दोरी असते. तुमच्याकडे पहिल्या प्रश्नात दुष्टावा नव्हता, म्हणून तिथवर अफवा. 'हिशेबात गडबड' हा तुकडा ज्याने जोडला त्याने कंडी पिकवली.

कानाचे शब्दही बघा. कानगोष्ट निरुपद्रवी, पण कान भरणे आणि कान फुंकणे मुद्दाम केलेलं. षट्कर्णी म्हणजे सहा कान, अर्थात तीन माणसं. तिसऱ्याला कळलं की गुपित संपलं, असा जुना हिशेब. मराठी बायबलमध्ये, नीतिसूत्रांत, 'कानाशी लागणारा' असा प्रयोग आहे. तो जिवलग मित्रांतही फूट पाडतो. मला तो 'चुगलखोर'पेक्षा जास्त बोचतो, कारण त्यात माणूस किती जवळ येऊन बोलतो ते दिसतं.

कसबेकर
यात बोभाटा मिसळू नका. बोभाटा खऱ्या गोष्टीचाही होतो. पुण्यातलं उदाहरण पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनचं. १८९० साली टिळक, रानडे वगैरे मंडळी तिथे गेली, चहा पुढे आला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणेवैभव' या वृत्तपत्रातून छापून आणली आणि ख्रिस्त्यांकडचा चहा म्हणून गावात ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) माजलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. भेट झालीच होती, तेव्हा ती अफवा नव्हे, बोभाटा. तुमच्या पाळकसाहेबांच्या बाबतीत मुळात काही घडलंच नव्हतं.

कॅम्पवासी
दोघांचेही आभार. पण माझं मन अडकलंय ते 'म्हणे'वर. हे मुळात 'म्हणणे'चंच रूप, पण कोण म्हणतो तो कर्ता त्यातून नाहीसा झाला आहे. तरी 'म्हणे' असेपर्यंत बोलणारा निदान एवढं कबूल करतो की मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. आमच्याकडे वाक्य बिघडलं ते 'नसेल ना', 'वाटतं', 'म्हणे' एकेक करून गळाले तेव्हा. शेवटी उरलं ते कोरडं 'केली'.

योहानाच्या शुभवर्तमानात, एकविसाव्या अध्यायात, नेमकं हेच आहे. येशू आपल्या पेत्र या शिष्याला दुसऱ्या एका शिष्याविषयी म्हणतो की मी येईपर्यंत त्याने (जिवंत) राहावं अशी माझी इच्छा असली तर तुला त्याचं काय? बंधुवर्गात पसरलं ते हे, की तो शिष्य मरणार नाही. 'तर' गळाला! आणि लिहिणारा लगेच पुढे स्पष्ट करतो की येशू तसं बोललाच नव्हता. पहिल्या मंडळीतच हे घडलं आणि ते झाकून ठेवलं नाही, याचा मला फार आधार वाटतो.

आणखी एक प्रयोग नोंदवते, कारण तो कोशात मिळणार नाही : 'प्रार्थनेसाठी सांगते'. याचा खरा अर्थ खूप सुंदर आहे. दुखणं, नोकरी, मुलांच्या परीक्षा, सगळं या दोन शब्दांवर भरवसा ठेवून सांगितलं जातं. म्हणूनच याच्या आडून दुसऱ्याच्या घरातली गोष्ट निघाली की कुणी अडवत नाही. प्रार्थनेला नाही कसं म्हणणार? ऐकणाऱ्याला वाटतं आपण भार वाहतोय, आणि तो भार पुढच्या घरी उतरवून येतो.

पिंपरीकर
आमच्या घरसभेतही हाच प्रयोग आहे. अडवायचं कसं?

कॅम्पवासी
परवा बुधवारी एक मावशी "प्रार्थनेसाठी सांगते, पाळकबाईंच्या घरी…" असं म्हणाल्या. मी विचारलं, "मावशी, पाळकबाईंना विचारलंत का, सांगू का म्हणून?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही गं. ऐकलंय नुसतं." त्या दिवशी आम्ही पाळकसाहेबांच्या आईच्या तब्येतीसाठी प्रार्थना केली. तेवढंच आम्हाला नक्की माहीत होतं.