प्रतिसाद : कळा खऱ्या की खोट्या?

ताई, पहिलटकरणीला दवाखान्यात नेमकं कधी न्यायचं, असं तुम्ही विचारलंय. कळा मोजताना एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ धरा. बऱ्याच जणी मधली विश्रांतीच मोजतात आणि हिशेब चुकतो. दर पाच मिनिटांनी कळ, ती मिनिटभर टिकते, असं तासभर चाललं की निघायचं. खोट्या कळा चालल्यावर, कूस बदलल्यावर ओसरतात. खऱ्या कमरेतून पुढे येतात आणि वाढतच जातात. पण हा हिशेब कराड-सातारा शहरातला. पाटणच्या वरच्या वाड्यांतून घाटाने यायचं असेल किंवा दुसरं बाळंतपण असेल, तर एवढं थांबू नका. १०२ किंवा १०८ ला, म्हणजे सरकारी रुग्णवाहिकेला, आधीच फोन लावा.

पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फुटली तर कळा नसल्या तरी निघायचं. पांढरा पॅड लावून रंग बघा. पाणी स्वच्छ असेल तर घाई नको, पण उशीरही नको. हिरवट-काळपट असेल तर बाळाने पोटात शी केलीय, तेव्हा ताबडतोब.

आणि कृपा करून घरी कुणाकडून 'कळांचं', म्हणजे कळा वाढवायचं, इंजेक्शन टोचून घेऊ नका! तिथे डोस हाताळायला ड्रिप नाही, बाळाचे ठोके बघायला कुणी नाही. गर्भाशय फाटू शकतं. गर्भाशयाचं तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंटीमीटर उघडण्याआधी 'जोर लाव' म्हणणाऱ्या आत्याबाईंनाही बाहेर बसवा. गर्भाशयाच्या तोंडाला सूज येते आणि बाई उगाच दमते.

बाळंतपणानंतर तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल तर लगेच नर्सला दाखवा.